मेणाची बाहुली आणि गाण्यातला 'मी'

गेल्या दिवाळीत शेळगावला घरी गेले होते तेव्हाची गोष्ट. ओसरीवर लॅपटॉप उघडून १९६५ सालचं एक काळं-पांढरं चित्रण बघत होते. सतरा वर्षांची एक मुलगी, कपाळावर बटा, हात जवळजवळ न हलवता फ्रेंचमध्ये गातेय. शेजारी आजी शेंगा फोडत बसलेली. तिनं विचारलं, "काय म्हंतीया गं ही पोरगी?"

"म्हणतेय, मी बाहुली आहे. मेणाची. मी प्रेमाची गाणी गाते, पण मला प्रेमातलं अजून काही कळत नाही."

आजी जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गानं कुनी लिवलंय?"

"एका बाप्यानं."

"मग बरूबर," असं म्हणून ती परत शेंगांकडे वळली.

मंडळी, मी चार वर्षं जे शोधतेय ते आजीनं शेंग सोलता सोलता दोन शब्दांत उरकलं. तरी प्रबंध लिहायचाच आहे, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगते. "तू नेमकं करतेस तरी काय?" असं विचारणाऱ्या सगळ्या नातेवाइकांसाठीही हेच उत्तर समजावं.

गाण्याचं नाव 'पुपे द सीर, पुपे द सों'. गायिका फ्रान्स गाल, गीतकार-संगीतकार सर्ज गेन्सबूर. युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा १९५६ पासून चालू आहे, प्रत्येक देश एक गाणं पाठवतो. २० मार्च १९६५ ला ती इटलीत नेपल्सला झाली आणि अठरा देशांत हे गाणं ३२ गुणांनी पहिलं आलं. गंमत म्हणजे गाणारी फ्रेंच, लिहिणारा फ्रेंच, भाषा फ्रेंच, पण बक्षीस गेलं लक्झेंबर्गला! गाणं त्यांच्या वतीनं उतरवलं होतं. आदल्या वर्षीची विजेती जिल्योला चिंक्वेत्ती, वय सोळा. तिचं गाणं काय, तर प्रेम करायचं माझं वय नाही. तेही पुरुषांनीच लिहिलेलं.

आता शीर्षकाकडे बघा, कारण सगळी करामत तिथंच आहे. 'सीर' म्हणजे मेण. मेणाची बाहुली, सरळ अर्थ. पण रेकॉर्डचं पहिलं ध्वनिमुद्रण मेणावर कोरलं जायचं, म्हणून फ्रेंचमध्ये 'मेण' म्हटलं की रेकॉर्डही आठवते. 'सों' म्हणजे ध्वनी, आणि 'सों' म्हणजेच कोंडा. पूर्वी बाहुल्यांच्या पोटात कोंडा भरायचे. म्हणजे एकाच शीर्षकात मेण आणि कोंडा भरलेली बाहुली, शिवाय रेकॉर्ड आणि आवाज यांची बनलेली गायिका. श्लेष कसा असावा हे मोरोपंतांच्या बारामतीजवळ वाढलेल्या मुलीला कुणी शिकवायला नको, पण हा श्लेष खरोखर वरच्या दर्जाचा आहे. आत गेलात तर आणखी सापडतात. रेकॉर्ड हा आरसा आहे, त्यात कुणालाही मी दिसते, असं ती म्हणते. आवाजाच्या उसळीला आणि काचेच्या ठिकरीला फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे. त्यामुळे ती एकाच वेळी सगळीकडे गात असते आणि सगळीकडे फुटलेलीही असते. हे सगळं घोड्याच्या टापांसारख्या पळत्या लयीत. ऐकणाऱ्याला दुःख करायला सवडच मिळत नाही.

गाणं चांगलं आहे, हे आधी कबूल करते. अडचण 'मी'ची आहे.

एमिल बेनवेनिस्त नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं सांगून ठेवलंय की 'मी' या शब्दाला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. जो बोलतोय तो 'मी'. म्हणजे काय, तर एसटीतल्या खिडकीच्या जागेसारखं. जो बसला त्याची. पण गाण्यात ही जागा गीतकार आधीच रुमाल टाकून धरून ठेवतो आणि बसायला लावतो दुसऱ्याला. ३६ वर्षांच्या गेन्सबूरनं 'मी बाहुली आहे' असं लिहिलं. ते सतरा वर्षांच्या पोरीनं म्हटलं की ऐकणाऱ्याला ती तिची कबुली वाटते. बाहुलीला बोलायला लावायचं आणि बोलायचं काय, तर मी बाहुली आहे. हुशारी म्हणा नाहीतर क्रूरपणा म्हणा, मला दोन्ही वाटतं. पुढच्याच वर्षी त्यानं तिला गोळ्या चघळणाऱ्या मुलीचं 'ले स्युसेत' हे गाणं दिलं. त्यातला दुसरा अर्थ सगळ्यांना कळला, तिला सोडून. तो कळल्यावर आपल्याला किती लाज वाटली, फसवलं गेल्यासारखं झालं, हे तिनं पुढे स्वतः सांगितलंय.

आपल्याकडे हे नवीन आहे का? अजिबात नाही. होनाजी बाळा, रामजोशी, सगनभाऊ, प्रभाकर, सगळे पुरुष, आणि लावणीत बोलते कोण, तर बाई. 'पिंजरा' घ्या, १९७२ चा. शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज उषा मंगेशकरांचा, पडद्यावर नाचणाऱ्या संध्या. एका 'मी'ला तीन माणसं लागली. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन लावणी गायच्या. शब्द एक सांगतायत, पदर दुसरंच, आणि श्रोत्याला दोन्ही हवं असायचं. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या निबंधात याच्या मुळाशी असलेली जात दाखवून दिली. लावणीतली ती 'मी' कुणाचीही बाई नव्हती. तिच्यामागे खालच्या मानलेल्या जातींतल्या खऱ्या स्त्रिया होत्या, ज्यांच्या शरीरावर वरच्यांचा हक्क गृहीत धरलेला होता. फ्रान्स गालच्या बाबतीत हा भाग नाही, म्हणून दोन्ही एका मापानं मोजता येत नाहीत. माझ्या पहिल्या मसुद्यात मी मोजलं होतं. ते पान फाडलं, बरं झालं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती कळायला मला फार वेळ लागला. एका परिसंवादात मी ठासून म्हणाले, गायिका ही निव्वळ बळी आहे, शब्द तिचे नाहीत म्हणजे गाणं तिचं नाही. टाळ्या मिळाल्या. नंतर चहाच्या टेबलाशी एक वयस्कर गायिका जवळ आल्या. बैठकीच्या लावणीतल्या. म्हणाल्या, "बाळा, तू तरी आम्हाला बाहुली म्हणू नको."

मला काही उत्तर सुचलं नाही.

बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा बदलते: एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा समोर बसलेल्या पाहुण्याचीच चेष्टा. यमुनाबाई वाईकरांची जुनी चित्रणं बघा. ओळ शाहिराची, पण चौथ्यांदा म्हणेपर्यंत ती शाहिराच्या हातात राहिलेली नसते. रुमाल कुणाचाही असो, बसल्यावर बाई त्या जागेची मालकीण होते, निदान तेवढा वेळ. तेव्हाच्या युरोव्हिजनमध्ये ही सोय नव्हती. तीन मिनिटांचं गाणं, ठरलेला वाद्यवृंद, ओळ एकदा म्हटली की पुढे. तिला अदा करायला जागाच नव्हती.

मग तिनं काय केलं? नंतरच्या काळात हे गाणं गायचंच सोडून दिलं. मिशेल बेर्जेबरोबर वेगळी गाणी गायली, १९८७ मध्ये एला फिट्झजेराल्डवरच्या गाण्यानं परत युरोपभर गाजली. २०१८ मध्ये ती गेली तेव्हा मृत्युलेखांत मात्र बाहुली होतीच. न गाणं ही तिची अदा होती असं मी आता लिहितेय. मार्गदर्शकांना हे ताणलेलं वाटतं. मला वाटत नाही.

एक धागा राहिलाय. पुण्यात स्थायिक झालेले मूळचे फ्रेंच गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राइरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, त्याही बायकांनी रचलेल्या. तिथं 'मी' कुणाची? जी दळतेय तिची. शेजारीण तीच ओवी उचलते आणि आपल्या भावाचं नाव घालते.

तर त्या दिवशी शेंगा संपल्यावर मी आजीला म्हटलं, एक ओवी म्हण की. आधी "जातं कुठं ऱ्हायलंय आता" झालं, मग म्हटली. भावाच्या नावाच्या जागी तिनं माझं नाव घातलं, आणि दुसऱ्या ओळीत लॅपटॉप बसवायचा प्रयत्न केला. मात्रा जुळेना. दोनदा अडखळली, हसली आणि म्हणाली, "थांब, उंद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बारामतीची गाडी पकडायची होती.