'फुल मेटल जॅकेट'चा दुसरा भाग खरंच कच्चा आहे का?

युद्धपटांवर संशोधन करायचं म्हणताय, तर स्टॅन्ली क्युब्रिकचा 'फुल मेटल जॅकेट' (1987) तुमच्या यादीत असणारच. त्याबद्दल एक मत नेहमी ऐकू येतं: पॅरिस आयलंडवरच्या मरीन प्रशिक्षणाचा पहिला पाऊण तास जबरदस्त, पण व्हिएतनाममध्ये गेल्यावर सिनेमा विस्कटतो. हे मत प्रबंधात उचलण्याआधी तपासून बघा.

पहिला भाग म्हणजे एक गृहीतक समजा. माणसाचे केस, नाव, लाज काढून घेतली की उरतं ते शस्त्र. सार्जंट हार्टमन नेमकं तेच करतो. ही भूमिका करणारा आर. ली अर्मी स्वतः मरीन ड्रिल इन्स्ट्रक्टर होता, त्यामुळे ही दृश्यं आपल्याला थेट पुरावाच वाटू लागतात. इथे सावध राहा. नटाचा अनुभव खरा असला, म्हणून सिनेमाचा निष्कर्ष आपोआप खरा ठरत नाही. शिवाय गृहीतक इथेच डळमळतं: धडपडणारा लिओनार्ड शेवटी उत्तम नेमबाज होतो आणि गोळी घालतो ती हार्टमनलाच.

दुसरा भाग ही त्याच गृहीतकाची चाचणी आहे. 1968 सालच्या ह्युए शहरात एक लपलेला नेमबाज पथकाला अडवतो. काउबॉय हुकूम देतो, पण अ‍ॅनिमल मदर जुमानत नाही. शिस्त गेली कुठे? रायफलशी या पोरांचं जणू लग्न लावलं होतं, पण जोकरच्या हातातली रायफल ऐन वेळी अडकते. समोर असते एक तरुण मुलगी.

आता दोन दृश्यं लागोपाठ बघा. झोपलेल्या लिओनार्डला सगळे साबणाने बडवतात ते, आणि जखमी मुलगी मरण मागते ते. दोन्हीकडे जोकर आधी थबकतो. दोन्हीकडे बाकीचे बघत असतात. आणि दोन्हीकडे तो शेवटी करतोच. पहिल्यांदा क्रौर्य, दुसऱ्यांदा दया? की दोन्ही वेळा प्रशिक्षणच? सिनेमा उत्तर देत नाही. मला तो विस्कळीतपणा वाटत नाही, चाचणीचा प्रामाणिक निकाल वाटतो.

खरी उणीव वेगळीच आहे. व्हिएतनामी माणसांना इथे जवळजवळ आवाजच नाही, आणि ह्युएचे अवशेष म्हणून दिसतो तो लंडनमधला जुना गॅस कारखाना. म्हणून या सिनेमावरून व्हिएतनाम युद्धाबद्दल दावा करू नका. सैनिक कसा घडवतात याची कल्पना हा सिनेमा कशी करतो, एवढाच प्रश्न घ्या. तेवढा पुरून उरेल.