त्रैराज्यकथेंतील अद्भुत

चिनी ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘सान्ग्वो यान्यी’, म्हणजे तीन राज्यांची कथा, हिचें स्थान अग्रगण्य आहे. परंपरा तिचें कर्तृत्व चौदाव्या शतकांतील लुओ ग्वान्झोंग याजकडे देते. उपलब्ध छापील प्रतींत सर्वांत जुनी १५२२ ची आहे. आज सर्वत्र वाचली जाते ती १२० अध्यायांची वाचना माओ पितापुत्रांनीं सतराव्या शतकांत सिद्ध केली. इतिहासमीमांसक जांग श्वेचेंग (१७३८–१८०१) यानें या ग्रंथांत सात भाग सत्य व तीन भाग कल्पित असल्याचें सांगून, अशा मिश्रणानें वाचकांची दिशाभूल होते असा आक्षेप घेतला. हें प्रमाण पुढें सर्वतोमुखीं झालें. आमच्या मतें तें मापच सदोष आहे. सत्य व कल्पित यांचे वांटे मोजण्यापेक्षां प्रत्येक अद्भुत प्रसंग कोठून आला व कथेंत तो कोणतें कार्य करितो, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम उगमाचा विचार करूं. चेन शौ (२३३–२९७) यानें लिहिलेला तीन राज्यांचा इतिहास फार त्रोटक आहे. त्यावर पेइ सोंग्झ यानें इ. स. ४२९ मध्यें राजदरबारीं टीका सादर केली. पुढें लुप्त झालेल्या कित्येक ग्रंथांचे उतारे या टीकेमुळेंच वांचले. पेइची पद्धत संशोधकांस आदरणीय वाटेल अशी आहे. न पटणारी हकीकतही तो उतरून घेतो आणि तेथेंच तिचें खंडन करितो. झुगे ल्यांगानें नगराचे दरवाजे उघडे टाकून शत्रूस फसविल्याची प्रसिद्ध कथा त्यानें अशीच दिली आहे, व त्या वेळीं प्रतिपक्षी सेनापति सिमा यी हा दूर दुसऱ्याच प्रांतांत ठाणें देऊन होता हें दाखवून ती खोटी ठरविली आहे. कादंबरीकारानें कथा उचलली, ती २२८ च्या पराभवानंतर बसविली, आणि खंडन मात्र गाळलें.

उलट, सुन स याच्या मृत्यूची गोष्ट पहावी. तो इ. स. २०० मध्यें मारेकऱ्यांनीं केलेल्या जखमांनीं मेला, असें चेन शौ सांगतो. त्यानें ठार केलेल्या यू जी नामक तापसाचें मुख त्यास आरशांत दिसूं लागलें, ही कथा पेइच्या टीकेंत गान बाओ याच्या अद्भुतसंग्रहांतून आली आहे. आणि गान बाओ हा स्वतः जिन राजवंशाचा दरबारी इतिहासकार होता. तेव्हां कल्पिताचा हा अंश इतिहासकारांच्या दप्तरांतच होता. त्याचा दोष एकट्या कादंबरीकाराच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

आतां कार्याचा विचार. २०८ च्या लाल कड्याच्या लढाईंत हुआंग गाय याच्या सूचनेवरून शत्रूचीं जहाजें जाळण्यांत आलीं, व त्या दिवशीं आग्नेय वारा जोराचा होता, एवढें पेइच्या उताऱ्यांत आहे. कादंबरींत झुगे ल्यांग वेदी उभारून, मंत्रविधि करून हा वारा आणवितो. वारा इतिहासाचा, त्यास आणणारा मात्र कादंबरीचा. ग्वान यू २१९–२२० च्या हिवाळ्यांत मारला गेला, आणि त्याचा पाडाव करणारा ल्यु मेंग लौकरच आजारानें वारला. कादंबरींत ग्वान यूचें भूत भर मेजवानींत ल्यु मेंगाच्या अंगांत संचरून त्याचा प्राण घेतें. मृत्यु तोच, काळही जवळजवळ तोच. बदललें तें केवळ कारण.

झुगे ल्यांगाची बुद्धि इतकी रंगविली आहे कीं तो मनुष्य न वाटतां पिशाचच वाटूं लागतो, असा लू शून (१८८१–१९३६) यांचा आक्षेप आहे. वाऱ्याच्या प्रसंगापुरता तो आम्हांस मान्य आहे. पण १०३ वा अध्याय वाचावा. आयुष्य बारा वर्षें वाढावें म्हणून झुगे ल्यांग दीप लावून अनुष्ठानास बसतो. विधि पुरा होण्यापूर्वींच वेइ यान धांवत आंत येतो आणि मुख्य दीप विझतो. इतिहासांत झुगे ल्यांग २३४ मध्यें छावणींतच वारला आहे. त्या नोंदीपुढें मंत्राचें कांहीं चालत नाहीं. अद्भुत येथें इतिहासाची अनुज्ञा मागतें व ती नाकारली जाते. सबंध ग्रंथांत यापरतें करुण स्थळ आम्हांस दिसत नाहीं.

याच नियमाची दुसरी बाजू २२५ च्या दक्षिण मोहिमेंत दिसते. तिच्याविषयीं जुने ग्रंथ फारच थोडें सांगतात. तेथें हत्तीवर बसून श्वापदांस हांक देणारा राजा येतो, त्यास उत्तर म्हणून तोंडांतून अग्नि ओकणारीं लांकडी श्वापदें येतात, आणि वाचकाचें मन कशांतच गुंतत नाहीं. जेथें नोंदी दाट तेथें अद्भुत संयमी व अर्थपूर्ण. जेथें त्या विरळ तेथें तें मोकाट सुटलेलें.

बखरी चाळणारांस हा विवेक अपरिचित नसावा. चमत्कार दिसतांच पान टाकून देणारा व चमत्कारासह सारें पान खरें मानणारा, दोघेही सारखेच फसतात. चमत्काराखालीं कोणती मिति, कोणता मृत्यु, कोणता पराभव दडला आहे हें शोधणें हेंच वाचकाचें खरें काम होय. त्रैराज्यकथा त्या कामाचा उत्तम अभ्यासपाठ आहे.