७१ टक्के, पण कितीपैकी?
पॉट्समध्ये उभं राहिल्यावर दहा मिनिटांत हृदयाचे ठोके मिनिटाला किमान ३० ने वाढतात, रक्तदाब मात्र फारसा घसरत नाही. म्हणून व्यायामाची सुरुवात टेकून चालवायची सायकल, रोइंग, पोहणं यांनी करतात.

२०१६ चा अमेरिकी रजिस्ट्री पेपर म्हणतो, कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी ७१ टक्के जण निकषाबाहेर आले. थांबा, आधी छेद बघा. नोंदणी २५१ जणांची, पूर्ण केलं १०३ जणांनी. गळालेले सगळे 'बरे नाहीत' धरले तर आकडा २९ वर येतो. शिवाय तुलनेला गटच नाही.

व्यायाम निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाहीये. पण 'नेटाने केला असतास तर बरी झाली असतीस' हे रुग्णाला ऐकवायला एवढा पुरावा पुरत नाही. कदाचित तिला तो झेपलाच नसेल.