‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ : एका खेळाचे पाठभेद

30 सप्टेंबर 2025 रोजी ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स : द इव्हालिस क्रॉनिकल्स’ या नावाने 28 वर्षांपूर्वीचा एक जपानी व्हिडिओ गेम नव्या यंत्रांवर पुन्हा प्रकाशित झाला. एकाच खरेदीत त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात. ‘एन्हान्स्ड’ आवृत्तीत चित्रं घासूनपुसून घेतली आहेत, संवाद नव्याने लिहून नटांकडून बोलून घेतले आहेत. दुसरी ‘क्लासिक’. तिच्यात 1997 सालची चित्रं आणि त्या वेळचे नियम जसेच्या तसे आहेत, असं प्रकाशक स्क्वेअर एनिक्सचं म्हणणं. या लेखात मला तपासायचा आहे तो हा ‘क्लासिक’ शब्द. हा खेळ मी इंग्रजीतून खेळलो आणि त्यातला बराच वेळ वाचण्यात गेला, कारण त्याच्या लढायांइतकाच त्याचा मजकूर मोठा आहे.

ज्यांनी असे खेळ कधी हाताळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ‘टॅक्टिक्स’ बुद्धिबळाच्या कुळातला. पट चौकटींचा, पण चढउतारांचा. सोंगट्या म्हणजे नाव, वय, जन्मराशी आणि पेशा असलेली माणसं, आणि प्रत्येक डावामागे कथानक. त्याचा दिग्दर्शक आणि लेखक यासुमी मात्सुनो. इव्हालिस नावाच्या राज्यात शेजारच्या देशाशी चाललेलं 50 वर्षांचं युद्ध हरून संपलं आहे. तिजोरी रिकामी, सैनिकांचे पगार थकलेले. ते सैनिक लुटारू झाले आहेत आणि त्यांना मारायला उमरावांची पोरं निघाली आहेत. त्यांत राम्झा हा मोठ्या घराण्याचा धाकटा मुलगा आणि डेलिटा हा त्याच घरात वाढलेला, सामान्य कुळातला त्याचा मित्र. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस डेलिटाच्या बहिणीला बंडखोर ओलीस धरतात, आणि राम्झाचा सावत्र भाऊ बाण सोडायचा हुकूम देतो. मुलगी मरते. उमरावाची मुलगी तिच्या जागी असती तर तो हुकूम निघाला नसता, हे तिथे उभ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुढचा सगळा खेळ या एका बाणाचा परिणाम आहे.

ही कथा सांगतो तो चारशे वर्षांनंतरचा एक इतिहासकार, आराझ्लाम. अधिकृत इतिहासात डेलिटा युद्ध संपवणारा थोर राजा आहे आणि राम्झा धर्मद्रोही. खरी हकिकत आराझ्लामच्या पूर्वजाने, ओरान डुराईने, लिहून ठेवली होती. ती धर्मपीठापुढे मांडल्याबद्दल त्याला जाळण्यात आलं आणि कागद दडपले गेले. आपण जे खेळतो ते त्या कागदांचं संपादन आहे, अशी ही चौकट. बखरी वाचताना ‘हे कोणासाठी लिहिलं?’ हा प्रश्न आपल्याला सवयीने पडतो. इथे तो पहिल्याच पडद्यावर ठेवलेला आहे.

आता या खेळाच्या स्वतःच्या कागदांकडे येऊ. नवी आवृत्ती करायला बसलेल्या चमूपाशी मूळ खेळाचा सोर्स कोड नव्हता. नव्वदच्या दशकात असा ऐवज जपण्याची रीत बसलेली नव्हती, आणि दुसऱ्या भाषेतली आवृत्ती करताना आधीच्याच सामग्रीवर नवी चढवली जाई. त्यामुळे विकल्या गेलेल्या प्रती उलगडून खेळ पुन्हा बांधावा लागला, आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या माहितीचीही त्यात मदत झाली. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. मूळ पोथी गेली आहे, नकला उरल्या आहेत आणि नकलांवरून पाठ सिद्ध करायचा आहे. नवल आहे ते एवढंच, की लेखक हयात आहे, नव्या संवादांवर त्याने स्वतः काम केलं आहे, आणि तरीही पोथी नाही.

इंग्रजी वाचकासमोर या खेळाचे तीन पाठ आले. पहिला 1998 चा, अमेरिकेत विकला गेलेला. तो त्याच्या चुकांसाठी कुप्रसिद्ध आहे. त्यात ड्रॅगनच्या तोंडून आगीचा श्वास निघण्याऐवजी चक्क ‘आगीचं कंकण’ निघतं, कारण जपानी लिपीत ‘ब्रेथ’ आणि ‘ब्रेसलेट’चं लघुरूप सारखंच दिसतं. खेळ शिकवणाऱ्या गुरुजींची भाषा तर इतकी मोडकी, की शिकायला बसलेला उठून जावा. दुसरा पाठ 2007 चा, ‘द वॉर ऑफ द लायन्स’ या पीएसपी यंत्रावरच्या आवृत्तीचा. तो जोसेफ रीडर आणि टॉम स्लॅटरी यांनी केला. त्यांनी शेक्सपिअरच्या काळाची आठवण देणारी घडीव इंग्रजी वापरली, नावं सुधारली, गुंता सोडवला. तिसरा 2025 चा, बोलण्यासाठी घडवलेला.

दुसऱ्या पाठाची कीर्ती मोठी आहे आणि बरीचशी रास्त आहे. पण एक जागा घेऊन बघू. सुरुवातीलाच डेलिटा ओव्हेलिया या राजकन्येला मठातून पळवतो. ती झगडते, तेव्हा तिला ठोसा मारून बेशुद्ध करतो आणि एक वाक्य बोलतो. जपानीत त्याचा आशय असा: राग धरायचाच तर स्वतःवर धर, नाहीतर देवावर. 1998 चा अनुवादक जवळजवळ हेच तोडून टाकल्यासारखं लिहितो: आम्हाला दोष देऊ नकोस, स्वतःला दे किंवा देवाला. 2007 मध्ये मात्र डेलिटा आधी क्षमा मागतो आणि मग लयीत सांगतो की तुझ्यावर अन्याय केला तो तुझ्या जन्माने आणि श्रद्धेने, मी नव्हे.

‘जन्म’ हा शब्द अनुवादकांचा आहे आणि तो हुशारीने पेरलेला आहे. डेलिटाला स्वतःला छळलं ते जन्मानेच. तोच शब्द तो राजकन्येला ऐकवतो. पुढे ओव्हेलियाच्या राजरक्ताबद्दलच शंका उभी राहते, तेव्हा ते वाक्य मागे वळून आणखी बोचतं. भाष्य म्हणून हे अव्वल आहे. पण संवाद म्हणून मला 1998 चं उद्धट वाक्य अधिक खरं वाटतं. मुलीला ठोसा मारून खांद्यावर टाकणारा तरुण त्या क्षणी खेळाचं सूत्र सांगत बसणार नाही. 2007 चा डेलिटा पहिल्या अर्ध्या तासातच आपल्याला समजून जातो. 1998 चा डेलिटा नुसता घाबरवतो, आणि त्याची बहीण कशी मेली हे तास दोन तासांनी कळतं तेव्हा त्या वाक्यातला ‘देव’ वेगळा ऐकू येतो. ज्या पाठाची सगळ्यांनी टिंगल केली, तो इथे मूळ वाक्याच्या अधिक जवळ आहे.

असं इतरत्रही होतं. 2007 च्या इंग्रजीत उमराव, लुटारू, धर्मगुरू सगळेच सुंदर बोलतात. बंडखोरांची मिल्युडा उमरावांच्या पोरांना तोंडावर विचारते की तुम्ही आणि आम्ही यांत फरक तो कोणता, आणि आर्गाथ हा पडत्या घराण्यातला पोरगा तिला जनावर ठरवतो. या प्रसंगात दोघांची भाषा एकाच तलमतेची असणं मला खटकतं. वर्गभेदावरच्या नाटकात वर्ग कानाला कळायला हवा. 2025 च्या पाठात ही कसर नटांच्या आवाजांनी काही प्रमाणात भरून काढली आहे, आणि हा नव्या आवृत्तीचा मी सर्वांत मोठा गुण मानतो.

नियमांचं मात्र तसं नाही. ते जवळजवळ सहीसलामत पोचले आहेत आणि मला वाटतं मात्सुनोचं सर्वांत धारदार लेखन तिथेच आहे. प्रत्येक पात्राला श्रद्धेचा एक आकडा असतो. मंत्राचा परिणाम मंत्र टाकणाऱ्याच्या आणि ज्याच्यावर पडतो त्याच्या आकड्यांच्या गुणाकारावर ठरतो. दोघांची श्रद्धा 70 असेल तर मंत्राची 49 टक्के ताकद लागते. दोघांची 40 असेल तर जेमतेम 16 टक्के. मारक मंत्राला हे लागू आहे तसंच तारक मंत्रालाही. म्हणजे अश्रद्धाला जादूने मारता येत नाही आणि वाचवताही येत नाही. श्रद्धाळू मात्र दोन्ही बाजूंनी उघडा. श्रद्धा वाढवता येते, पण भरती केलेल्या शिपायाचा आकडा 95 च्या घरात गेला की तो देवाच्या शोधात तुमची तुकडीच सोडून निघून जातो. ज्या कथेत धर्मपीठच खोटा इतिहास रचतं, तिथे हा गुणाकार कुठल्याही स्वगतापेक्षा जास्त बोलतो. आणि त्याला अनुवादकाची गरज नाही.

मरणाचंही तेच. पडलेल्या शिपायाच्या डोक्यावर आकडा येतो, तीन पाळ्या मोजल्या जातात, आणि तोवर कोणी उठवलं नाही तर त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी. स्फटिक उचलला की त्याची विद्या उचलणाऱ्याला मिळू शकते. मित्राच्या मरणातून शिकण्याची ही सोय मला दर वेळी अस्वस्थ करते. एन्हान्स्ड आवृत्तीत काठिण्याच्या पायऱ्या आहेत, आपोआप होणारी नोंद आहे, वेग वाढवायची कळ आहे. जुन्या खेळात वीग्राफशी राम्झाच्या एकट्याच्या झुंजीआधी, दोन लढायांच्या मधल्या फटीत, आपली एकुलती नोंद केली की परतीची वाट बंद व्हायची आणि कित्येकांचा तिथे कायमचा मुक्काम पडायचा. तो सापळा गेला याचं मला दुःख नाही.

राहता राहिला ‘क्लासिक’. या आवृत्तीत 2007 ला जोडलेले नवे प्रसंग आणि पेशे नाहीत, चित्रं 1997 ची आहेत, पण इंग्रजी मजकूर 2007 चा आहे. म्हणजे 1998 साली ज्यांनी हा खेळ इंग्रजीत वाचला, त्यांनी वाचलेला शब्द दोन्हींपैकी एकाही आवृत्तीत नाही. कोणी म्हणेल, वाईट अनुवाद गेला तर बिघडलं काय? पण ‘क्लासिक’ हे नाव दिलं की प्रश्न चांगल्या-वाईटाचा राहत नाही, नोंदीचा होतो. जवळजवळ दहा वर्षं, 2007 पर्यंत, इंग्रजीत या खेळाची जी ख्याती झाली ती त्या मोडक्या पाठावर झाली. काही किलोबाइटचा तो मजकूर एका पर्यायाच्या रूपात, हवं तर ‘सदोष’ असा शिक्का मारून, ठेवता आला असता. आज आगीचं कंकण पाहायचं असेल तर जुनी आवृत्ती शोधावी लागते, आणि ती चालवणारं यंत्रही.