नाटक कोणाचे? : ‘कॅचिंग फायर’ आणि भवानीनगरचे भांडण

तीन भागांच्या मालिकेतले मधले पुस्तक नेहमीच अडचणीत असते. पहिल्याची नवलाई त्याच्याजवळ नसते आणि तिसऱ्यातला निकालही नसतो. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या किशोरांसाठीच्या मालिकेतील दुसरी कादंबरी ‘कॅचिंग फायर’ (२००९) हिच्यावर पुनरावृत्तीचा आक्षेप सहज घेता येतो : तीच नायिका, तसेच रिंगण, तोच जीवघेणा खेळ. माझ्या मते ही पुनरावृत्ती हेतुपूर्वक आहे. खेळ तोच ठेवून लेखिका विचारते, त्याचा सूत्रधार कोण?

पॅनेम या कल्पित राष्ट्रात कॅपिटल ही राजधानी बारा जिल्ह्यांतील मुलामुलींना दरवर्षी झुंजवते आणि ती झुंज सर्वांना पाहायला लावते. पहिल्या खंडाच्या शेवटी कॅटनिस आणि पीटा विषारी फळे खाण्याची तयारी दाखवून दोघेही जिवंत सुटतात. दुसऱ्यात अध्यक्ष स्नो तिच्या घरी येऊन बजावतात की, ते बंड नव्हते, प्रेमवेड होते, हे लोकांना पटवून दे. मग विजययात्रा, जाहीर वाङ्निश्चय, लग्नाचे पोशाख. एवढे करूनही अकराव्या जिल्ह्यात एक म्हातारा शीळ घालतो आणि गोळी खातो. नाटक वठत नाही, कारण प्रेक्षकांना त्यात भलतेच काही दिसते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला येथे दुसरे एक नाटक आठवावे. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात उभे होते. आजचा सांगली जिल्हा तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. दक्षिण सातारा १९४९मध्ये वेगळा झाला. नानांची कन्या हौसाबाई १९४३मध्ये सतरा वर्षांच्या होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक कार्यकर्ता नवरा झाला, त्या बायको झाल्या. त्याने मारहाण केली, डोक्यात घालायला दगड उचलला. पोलीस सोडवायला धावले आणि सोबत्यांनी ठाण्यातली हत्यारे पळवली. उतारवयात हौसाबाई हा प्रसंग रंगवून सांगत.

कॅटनिसही सतरा वर्षांचीच. दोघींच्या वाट्याला जोडप्याचे सोंग आले. पण हौसाबाईंना ते कशासाठी, कोणासाठी आणि पडदा कधी पडणार, हे ठाऊक होते. कॅटनिसला यातले काहीच ठाऊक नाही. आधी स्नो तिच्याकडून सोंग करवून घेतात. मग रिंगणात बंडखोर तिला न सांगता वाचवतात. आलेले पाव म्हणजे सुटकेच्या वेळेची सांकेतिक खूण. ती मात्र ते भूक भागवायला मोजते. कळस असा, की खेळाचा प्रमुख आखणीकार प्लुटार्क हाच गुप्तपणे बंडाचाही आखणीकार निघतो. म्हणजे रिंगण रचणारा आणि ते फोडणारा मेंदू एकच.

यावर कोणी म्हणेल, भूमिगत कामात गुप्तता लागतेच. पकडली गेली असती तर न कळणेच बरे. हा युक्तिवाद खरा आहे, आणि कादंबरीही तो बंडखोरांच्या तोंडी घालते. पण गुप्तता आणि संमती या दोन गोष्टी आहेत. सगळी योजना न सांगताही ‘या कामात येतेस का?’ असे विचारता येते. कॅटनिसला ते विचारलेच जात नाही. म्हणून सत्य कळताच ती हेमिचचा, म्हणजे आपल्याच मार्गदर्शकाचा, चेहरा ओरबाडते. सबंध खंडातली तिची सर्वांत स्वतंत्र कृती मला हीच वाटते. जुलमी सत्तेविरुद्ध उभे राहणारेही माणसाला प्यादे करू शकतात, ही अस्वस्थता पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाच्या हाती देणे हे या मधल्या पुस्तकाचे खरे काम आहे.

मात्र एक उणीव उरते. कथा केवळ कॅटनिसच्या तोंडून येत असल्याने जिल्ह्यांतला उठाव दूरचित्रवाणीवरच्या दृश्यातून, पळून आलेल्या दोघींच्या बोलण्यातून, असा तुकड्यातुकड्यांनीच कळतो. आपल्याकडे प्रतिसरकार टिकले ते तुफान सेनेच्या शिस्तीवर, गावोगावच्या न्यायनिवाड्यावर आणि भूमिगतांना पोसणाऱ्या घरांवर. तसली रोजची मेहनत या खंडात दिसत नाही. ठिणगी दिसते, सरपण दिसत नाही.

हौसाबाई २०२१मध्ये गेल्या. ‘क्रांतिसिंहांची कन्या’ ही ओळख खरीच आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर जाणून-बुजून उभ्या राहिलेल्या कार्यकर्तीचे आपण नुसते प्रतीक करतो. कॅटनिसला तिच्या सोबत्यांनी नेमके तेच केले होते.