गाडगेबाबांचा प्रश्न आणि प्रशिक्षकाचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या वर्गांत हल्ली 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द फार ऐकू येतो. प्रत्यक्षात काय होतं, बघा. वक्ता विचारतो, "समजलं ना?" सभागृह म्हणतं, "हो." वक्ता म्हणतो, "आवाज नाही आला!" मग सगळे जोरात "हो" म्हणतात. ऑनलाइन असेल तर चॅटमध्ये '1' टाइप करायचा. (हशा) यात श्रोत्याला काही विचारलेलंच नसतं. वक्त्याने स्वतःची समजूत काढून घेतलेली असते, एवढंच.

आपल्याकडे प्रश्नांच्या जोरावर सभा हलवणारा मोठा माणूस म्हणजे गाडगेबाबा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. श्रोत्यांनी गजरात साथ द्यायची आणि बाकी वेळ ऐकायचं. बाबांनी ही चौकट मोडली. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस वऱ्हाडी बोलीत उभा राहून समोरच्यांशी सरळ बोलायला लागतो. निधनाच्या काही आठवडे आधी, 1956 च्या नोव्हेंबरमध्ये, वांद्र्याला त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जरूर ऐका.

त्यांच्या कीर्तनातला एक प्रसिद्ध टप्पा घेऊ. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. देवळात दिवा नसला तर देव दिसतो का? नाही. मग देव कशाने दिसतो? दिव्याने. तर मग मोठा कोण, देव की दिवा? आणि समोरचे लोक, ज्यांतले निम्मे बहुधा सकाळीच देवळात जाऊन आलेले असणार, ते म्हणतात: दिवा.

इथे काय घडलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाच्या रोजच्या बघण्यातली आहेत. ती द्यायला शिक्षण लागत नाही, धाडस लागत नाही. तिसरं उत्तर मात्र महाग आहे, आणि ते बाबांनी दिलेलं नाही, लोकांच्या तोंडून आलंय. हेच वाक्य बाबांनी स्वतः ठणकावून सांगितलं असतं तर लोक चिडून उठून गेले असते. आता चिडायचं कोणावर? शिवाय उत्तर एका शब्दाचं आणि सगळ्यांनी मिळून द्यायचं, म्हणून एकटा कोणी उघडा पडत नाही. त्यानंतर देवकीनंदनाचा गजर. अनेकांना तो कीर्तनाचा रिवाज वाटतो. मला तो विसावा वाटतो. जे तोंडून निघून गेलं ते आत उतरायला तेवढा वेळ मिळतो.

पण आपल्याकडे बाबांबद्दल बोलताना नुसते हात जोडायची पद्धत आहे, तिने त्यांची कारागिरीही दिसत नाही आणि मर्यादाही. ही पद्धत उत्तर आधीच ठरवून चालते. एखादा म्हणाला असता, "दिव्याने मूर्ती दिसते, देव नाही," तर? आक्षेप चांगला आहे, पण त्या शेकडो आवाजांत तो बुडून जातो. बाबांचं काम समज उखडायचं होतं, आणि त्या कामाला हा समूहस्वर अगदी योग्य. कौशल्य शिकवताना मात्र तोच घात करतो.

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं उदाहरण घ्या. विषय: बाळाचं वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडणं. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन; ठिपका हिरव्या पट्ट्यात पडतो, पिवळ्यात, की नारिंगी. प्रशिक्षकाने विचारलं, "वय कसं धरायचं?" सगळ्या म्हणाल्या, "महिन्यांत." टाळ्या. पण पूर्ण झालेले महिने धरायचे की चालू असलेला? वजन करण्याआधी काटा शून्यावर आणला होता का? चाळीस जणींच्या एका सुरात तिघींचा गोंधळ ऐकूच येत नाही. आणि ठिपका चुकीच्या पट्ट्यात पडला तर मदतीची गरज असलेलं बाळ त्या महिन्यात कोणाच्या नजरेस पडत नाही.

तिथे प्रश्न हाताला विचारायला हवा. एकाच बाळाची जन्मतारीख आणि वजन फळ्यावर लिहा, प्रत्येकीला आपापल्या कागदावर ठिपका मांडू द्या, शेजारणीशी न बोलता. मग कागद शेजारी-शेजारी ठेवा. ठिपके दोन जागी पडलेले दिसले की वर्ग आपोआप जागा होतो. "माझा इथे का आला आणि तुमचा तिथे का?" हे त्या एकमेकींना विचारतात. प्रशिक्षकाने त्या वेळी गप्प बसावं, आणि हे आम्हा बोलणाऱ्यांना फार जड जातं! तक्ता मांडायच्या वर्गात चेंडू फेकण्याचे खेळ कशाला लागतात, मला खरंच कळलेलं नाही.

बाबांकडून उचलायचं तर प्रश्नांचा क्रम उचलावा: जे डोळ्यांनी पाहिलंय तिथून सुरुवात, एका वेळी एकच पाऊल. समूहाने उत्तर देणं मात्र विषय बघूनच घ्यावं.

आता वांद्र्याच्या कीर्तनाची सुरुवातीची दहा मिनिटं ऐकू. प्रश्न किती आले ते मोजू नका. प्रत्येक प्रश्नानंतर बाबा किती थांबतात, तिकडे कान द्या.