ड्रॉपचा आघात : ध्वनीची पातळी की अपेक्षेची बांधणी?

बीजसंज्ञा : ड्रॉप, बिल्ड-अप, विरोध, अपेक्षा, ध्वनिपातळी

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, म्हणजेच ईडीएम, हा आपल्याकडील संगीतसमीक्षेने बहुधा दुर्लक्षिलेला प्रकार आहे. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१६ मध्ये पुण्यात आला. आपले विद्यार्थी हे संगीत आवडीने ऐकतात, काही जण ते संगणकावर रचतातही. तरीही 'निव्वळ गोंगाट' या एका शेऱ्यात त्याची बोळवण होते. या संगीताचा केंद्रबिंदू म्हणजे ड्रॉप. ताण वाढवत नेणाऱ्या बिल्ड-अपनंतर किक आणि बेस पूर्ण शक्तीने परततात, तो हा क्षण होय. ड्रॉपचा आघात प्रभावी कशामुळे होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आवाज वाढविण्याची मर्यादा :
आघात वाढवायचा म्हणजे आवाज वाढवायचा, असा नवशिक्या रचनाकारांचा समज असतो. परंतु डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबलची कमाल मर्यादा असते. बिल्ड-अपच त्या मर्यादेला भिडला असेल, तर ड्रॉपला वर जाण्यास जागाच उरत नाही. लिमिटर लावून सरासरी पातळी चढवता येते. मात्र त्यामुळे किकच्या आरंभीचा टोकदार ठोका बोथट होतो. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गीते सर्वसाधारणपणे −१४ एलयूएफएस या पातळीवर आणून ऐकवतात. −६ पातळीवर मास्टरिंग केलेले गीत तेथे ८ डेसिबलने खाली येते. बोथटपणा मात्र कायम राहतो.

अपेक्षेचे शास्त्र :
लिओनार्ड मेयर यांनी 'इमोशन अँड मीनिंग इन म्युझिक' (१९५६) या ग्रंथात अपेक्षा अडविली गेली की भावना जागृत होते, असे प्रतिपादन केले. तबलावादनातील तिहाई हे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. सम कोठे येणार हे जाणत्या श्रोत्यास ठाऊक असते, तरीही समेवर त्याची मान डोलतेच. तथापि, एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. तिहाईत आवर्तन अखंड चालू असते. बिल्ड-अपमध्ये मात्र संगीताचा पायाच काढून घेतला जातो. हाय-पास फिल्टरने खालचे स्वर छाटले जातात, स्नेअरचे ठोके दाट होत जातात, राइजरचा स्वर चढत राहतो आणि ड्रॉपपूर्वी क्षणभर शांतता पसरते. कान बेसला पारखा झालेला असतो. म्हणूनच त्याचे पुनरागमन शरीराला जाणवते.

दोन रचनांची तुलना :
स्क्रिलेक्सची 'स्केअरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' (२०१०) ही रचना मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत आहे. आरंभीची धून कोमल आणि वरच्या सप्तकातील आहे. नंतर एक मानवी आरोळी एकटीच ऐकू येते आणि लगेच खर्जातील खरखरीत बेस कोसळतो. येथे लय अर्धी झाल्याचा भास होतो. स्वरस्थान, पोत आणि लय या तिन्ही अंगांनी विरोध साधल्याने हा ड्रॉप परिणामकारक ठरतो.

मार्टिन गॅरिक्सच्या 'अ‍ॅनिमल्स'ची (२०१३) रीत निराळी आहे. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या या लयीत १६ मात्राखंड बरोबर ३० सेकंदांत पुरे होतात. त्यामुळे नर्तकाला ड्रॉपची वेळ नकळत मोजता येते. प्रत्यक्ष ड्रॉपमध्ये मुख्यतः किक आणि एक तुटक, आघाती धून एवढेच आहे. थर रचण्याऐवजी थर वजा केल्यामुळे किकला मोकळी जागा मिळते. मात्र ही युक्ती अनुकरणास सोपी असल्याने तिचे लवकरच साच्यात रूपांतर झाले. पुढील अनेक 'बिग रूम' रचनांत सांगाडा आहे, पण उत्कंठा नाही. ज्ञात वेळेला ज्ञात ध्वनीच येणार असेल, तर अपेक्षा उरते केवळ सवयीपुरती. स्क्रिलेक्सची रचना या कसोटीवर अधिक टिकाऊ वाटते, कारण तेथे वेळ ज्ञात असली तरी ध्वनी अनपेक्षित आहे.

एक आक्षेप :
प्रत्यक्ष नृत्यस्थळी प्रचंड आवाजाविना ड्रॉप जाणवतच नाही, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. खर्जाची कंपने अंगाला भिडण्यासाठी पुरेशी पातळी लागतेच. परंतु ती पातळी त्या रात्रीच्या सर्वच रचनांना सारखी मिळते. मग त्यांतील एकच ड्रॉप स्मरणात का राहतो, याचे उत्तर ध्वनिक्षेपकात नव्हे, रचनेतच शोधावे लागते. हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचाही नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकांतील 'डीजे'वरून महाराष्ट्रात दरवर्षी वाद होतो. आघात म्हणजे डेसिबल हे समीकरण मान्य केले, तर कायदा आणि कला यांचा संघर्ष अटळ ठरतो.

समारोप :
सारांश, ड्रॉपचा आघात हा त्याच्या आधीच्या वजाबाकीतून निर्माण होतो. रचनाकाराने बिल्ड-अपची पातळी एक-दोन डेसिबलने उतरवावी, त्यातील बेस काढावा, प्रतिध्वनी ड्रॉपपूर्वीच तोडावा आणि साइडचेन कॉम्प्रेशनने किकला वाट करून द्यावी. या बाबी तांत्रिक दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी श्रोत्याच्या मनाची जाण आहे. ही जाण जेथे आढळते, तेथे समीक्षेने 'गोंगाट' हा शब्द मागे घ्यावयास हवा. जेथे आढळत नाही, तेथे तो सकारण वापरावा.